नववा आठवडा

खुर्चीतून उठलो आणि उजव्या खुब्यात कट् झालं. बाहेर कुणाला ऐकू गेलं नसणार. समोरच नूफ बसली होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही. पण मला ते आतल्या आत कानापर्यंत आलं, शेवग्याची शेंग मोडावी तसं. उठलो तरी कशासाठी होतो? प्रिंटरवर पडलेला एक कागद उचलायला. तो नूफनं आणला असता, दिवसातून दहादा म्हणते बिचारी, ‘अम्म जमाल, तुम्ही बसा.’ अम्म म्हणजे काका. पण मला कुणी बसा म्हटलं की माझ्या पायात वारं शिरतं. आता टेबलाची कड धरून उभा राहिलो. दुखतंय का? नाही. पाय अलगद टेकवून पाहिला. नाही दुखत. घाम मात्र फुटला, एसीच्या त्या गारठ्यातही मानेवरून पाठीत ओघळ उतरला. सतराव्या मजल्याच्या काचेखाली रियाधमधला ओलायाचा रस्ता पांढऱ्या उन्हात आवाज न करता वाहत होता, मोटारी खेळण्यातल्यासारख्या एकामागून एक सरकत होत्या, आणि मला वाटलं, गेली. नऊ आठवडे जपलेली शीर गेली. ती कशानं गेली असेल हेही मला ठाऊक होतं, आणि ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, माझ्या बायकोलासुद्धा नाही.

शीर तशी माझी नव्हे. खुब्याच्या वाटीला कडेनं एक किनार असते, कुकरच्या रिंगसारखी. ती धड असली की मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत गुळगुळीत फिरतो. माझा गोळा जन्मापासूनच बोजड, किनारीला घासत राहिला. सेहेचाळीसाव्या वर्षी डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं तर किनारीच्या चिंध्या. शिवायलाही काही उरलेलं नव्हतं. मग दुसऱ्या माणसाच्या पायातली शीर आणली, पुस्तकी मराठीत कंडरा म्हणतात म्हणे, ती वाटीला गोल बसवली आणि बारीक खिळ्यांनी पक्की केली. दुसरा माणूस म्हणजे मेलेला माणूस. कुठला, कोण, बाई की बाप्या, काही सांगत नाहीत. धुऊन, स्वच्छ करून, परदेशातून बर्फात येते. ‘त्यात त्याचं काही उरलेलं नसतं,’ आमचे सुदानी डॉक्टर म्हणाले, ‘नुसता दोर. तुमच्या पेशी हळूहळू त्यात राहायला जातील. वर्षाभरानं तो तुमचाच.’ रईसाला हे घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, ‘त्याच्यासाठी फातिहा पढायची का?’ मी म्हटलं, ‘अगं, मुसलमान होता की नव्हता कुणास ठाऊक.’ ‘चालत होता ना? मग पढूया.’ आणि पढली. ही माझी बायको.

ऑपरेशननंतरच्या गुंगीच्या दिवसांत मी खूप चाललो. डोळे मिटले की कुठलातरी चढ, पायाखाली ओल्या पानांचा जाड थर, दोन्ही बाजूंना उंच काळी झाडं. वाट मला ठाऊक नव्हती पण पायाला ठाऊक होती; वळण आलं की तो आपोआप वळायचा, दगड आला की आपोआप उंच व्हायचा, मी नुसता वरती बसलेला, बैलगाडीत बसावं तसा. कधी त्या वाटेच्या शेवटी घर असायचं, कधी पाणी. एकदा तर घराचं दार उघडंच होतं आणि आतून कुणीतरी माझं नसलेलं नाव घेऊन हाक मारली, आणि मी ओ दिली. जाग आली की पाय उशांच्या मधे बांधलेला, तान्ह्या पोरासारखा, आणि पायथ्याशी रईसा माझ्या पायात मोजा चढवत बसलेली. वाकायची बंदी. मांडी नव्वद अंशांपलीकडे उचलायची नाही, पाय पिळायचा नाही, उकिडवं नाही, मांडी घालून नाही. नमाज खुर्चीवर. पन्नाशीही न गाठलेला माणूस मशिदीत सफेच्या, म्हणजे रांगेच्या, टोकाला म्हाताऱ्यांच्या ओळीत खुर्ची टाकून बसतो तेव्हा त्याला काय वाटतं, ते त्यालाच माहीत.

आणि डॉक्टरांनी एक गोष्ट तीनदा बजावली होती. सहाव्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत सांभाळा. दुखणं थांबतं, चाल सुधारते, माणूस म्हणतो, झालो बरा! आणि शीर नेमकी तेव्हाच सगळ्यात कच्ची असते, कारण शरीर त्यातलं जुनं उपसून टाकत असतं आणि नवं अजून भरलेलं नसतं. मला हे सांगायला डॉक्टर कशाला हवा होता? माझा बाप बाणकोट खाडीच्या काठाला आंब्याची कलमं बांधता बांधता गेला. काडी तासायची, रोपात बसवायची, पट्टी गुंडाळायची, सावलीत ठेवायचं. तीन आठवड्यांनी तांबूस पालवी फुटली की गिऱ्हाईक उतावळं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ‘चाचा, द्या की आता!’ बाप द्यायचा नाही. ‘फुटला म्हंजे जगला न्हाय. काडीत होता तो रस भायेर आला. जोड लागूंदे.’ मी त्याच्या शेजारी उभा राहून लोकांवर ओरडायचो, हलवू नका, हात लावू नका. दहा वर्षांचं पोर, पण काय तो रुबाब! आणि आता स्वतःचं कलम आलं तर मी काय केलं? हात दाखवून अवलक्षण.

‘अम्म जमाल, तुमचा चेहरा पांढरा पडलाय,’ नूफ म्हणाली. मी म्हटलं, ऊन आहे. सतराव्या मजल्यावर, पडद्याआड, ऊन! ती नुसती बघत राहिली. ही मुलगी माझ्या खुर्चीवर येणार आहे. पंचवीस वर्षं मी या कंपनीत रजांचं आणि तिकिटांचं टेबल सांभाळलं. कोण कधी गावी जाणार, कुणाच्या पासपोर्टवर कुठला शिक्का हवा, कुणाची बायको बाळंत, कुणाचा बाप अत्यवस्थ, सगळं या टेबलावरून गेलं. आता हे काम सौदी माणसानंच करायचं असा हुकूम आहे, तेव्हा नूफला शिकवायचं आणि उठायचं. सहा आठवडे उरलेत. पहिल्यांदा मला तिचा रागच आला होता, खोटं कशाला बोलू. फाइल मागितली की मी मुद्दाम चुकीच्या कपाटाकडे बोट दाखवायचो. तिनं आठवड्याभरात सगळी कपाटं पाठ केली आणि मला एका शब्दानं बोलली नाही. मग रागाला काही जागाच उरली नाही. आता सहा आठवड्यांनी इकामा, इथं राहायचा परवाना, संपेल, इकाम्याबरोबर विमा संपेल, आणि शीर तुटलेली असेल तर ती पुन्हा बसवणार कोण? गावी जाऊन कुणाला सांगू, माझ्या खुब्यातली रिंग बदला? माझं मागणं एवढंच होतं की जसा आलो तसा परत जावं. एकविसाव्या वर्षी ट्रंक डोक्यावर घेऊन चालत आलो, तर निदान हात हलवत चालत जावं.

रईसाला फोन लावला. ‘कट् झालं,’ म्हटलं. ती म्हणाली, ‘येते.’ काय झालं, कसं झालं, एक प्रश्न नाही. मग डॉक्टरांना लावला. ते म्हणाले, आजच एमआरआय करा, विम्याची मंजुरी तेवढी मागून घ्या. मंजुरीला दोन दिवस लागतात, हे मी पंचवीस वर्षं लोकांना सांगत आलोय. नूफनं माझ्या हातातून कार्ड घेतलं, फोन कानाला लावला, आणि तिच्या त्या भरभर अरबीत कुणाला तरी असं काही झापलं की मला त्या पलीकडच्या माणसाची कीव आली. वीस मिनिटांत म्हणाली, ‘खलास. झालं. यल्ला, जा तुम्ही.’ मी म्हटलं, ‘हे तुला मी शिकवलेलं नाही.’ ‘नाही,’ ती म्हणाली, ‘तुम्ही विनंती करायला शिकवलंत.’ घ्या! मी लिफ्टमध्ये एकटाच हसलो, आणि हसता हसता चार दिवसांपूर्वीची दुपार आठवली.

हाशमभायच्या दफनाची ती दुपार. आमच्याच वाडीतला, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, कंपनीच्या कॅम्पात आचारी. मी पहिल्यांदा आलो तेव्हा विमानतळावर तोच घ्यायला आला होता, स्वतःची खाट मला दिली आणि आठ महिने खाली झोपला. पुढे रईसा आली, पहिल्या बाळंतपणाला इथं सासर नाही, माहेर नाही. चाळीस दिवस हाशमभाय कॅम्पातलं आवरून येऊन तिला मेथी घालून पेज करून द्यायचा, दाराबाहेर पातेलं ठेवायचा आणि ओरडायचा, ‘बाय, गरम हाय, लगेच खा!’ लग्न त्यानं केलं नाही. गावी एक बहीण. गेल्या सोमवारी कांदे चिरता चिरता बसल्या जागी गेला. बहिणीनं फोनवर परवानगी दिली, रियाधमध्येच दफन करा म्हणाली; कागद मी आणि नूफनं केले, दोन दिवस लागले. घरातून निघताना रईसानं मला बजावलं होतं, ‘उभं राहायचं. नुसतं उभं.’ मी म्हटलं, ‘जनाज्याच्या नमाजेत सजदा असतो का? कपाळ टेकायचंच नसतं, उभ्यानंच असते ती.’ गाडी तीच चालवत होती. वर्षभरापूर्वी परवाना काढला, तेव्हापासून मला बाजूला बसवते आणि माझ्या रस्ते सांगण्यावर हसते. पण कब्रस्तानाच्या फाटकापाशी तिला थांबावं लागलं; बायकांनी आत जायची रीत इथं नाही. ती काच वर करून बसली आणि मी काठी टेकत आत गेलो.

आत कबरींची ओळ आधीच खणून ठेवलेली असते. कब्रस्तानाचे कामगार, बंगाली पोरं, भराभर काम उरकतात, पुढचा जनाजा वाट बघत असतो. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, ‘घरवाला कौन है? कौन उतरेगा?’ आम्ही कोकणातले सहा जण होतो, पण कुणी श्रीवर्धनचा, कुणी राजापूरचा. आमच्या वाडीचा मी एकटा. सगळ्यांनी माझ्या काठीकडे पाहिलं आणि नजर फिरवली. त्या बंगाली पोरानं लुंगी खोचली, तो उतरायला लागला. आता आमच्याकडे एक रीत आहे. कुठल्या किताबात लिहिलेली नसेल, पण आहे. मय्यत खाली घ्यायला वाडीतला एक तरी माणूस कबरीत असला पाहिजे. परक्याच्या हातात देऊन वरून बघत राहणं म्हणजे माणसाला टाकून येणं. माझ्या बापाच्या कबरीत गावी रजेवर गेलेला हाशमभाय उतरला होता. मी तेव्हा इथं होतो, रजा मिळाली नव्हती. मी विचार केला असं म्हणत नाही. काठी श्रीवर्धनवाल्याच्या हातात दिली, बूट-मोजे काढायला लावले, आणि उतरलो. खाली गार होतं. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत मात्र विहिरीच्या काठासारखा ओला, गोडसर वास. गुडघ्यावर बसलो, वळलो, वाकलो, जे जे करायचं नाही ते ते सगळं केलं. वर ओढून काढलं तेव्हाही दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

एमआरआयच्या नळकांड्यात सरकवलं तेव्हा मला पुन्हा तोच गारवा आठवला, आणि भीती वाटली नाही याचंच नवल वाटलं. यंत्र ठोकत होतं, थांबत होतं, पुन्हा ठोकत होतं, लांब कुठेतरी खाडीवर नाखवे होडीच्या फटी बुजवायला कीळ मारताना ठोकतात तसं. मी डोळे मिटले. उंच काळी झाडं आली, ओली पानं आली. पण आज चढावर मी एकटा नव्हतो. पुढे कुणीतरी चालत होतं, पाठमोरं, आणि ते जरासुद्धा लंगडत नव्हतं. मला त्याला विचारायचं होतं, बाबा, तुला खाली कुणी उतरवलं? तुझ्या वाडीचं कुणी होतं का? पायातली शीर काढून दिली त्यांनी, पण मग उरलेला तू कुठे आहेस? तो वळला नाही. चालत राहिला, आणि त्याच्या चालीत कुठे घाई नव्हती. मला रडू आलं, तिथं, हलायची बंदी असताना. अश्रू कानात गेले आणि पुसता येईनात. बाहेरून कुणी तरी माइकवरून म्हणालं, ‘सर, प्लीज डोन्ट मूव्ह.’

डॉक्टरांच्या खोलीत रईसा माझ्या डाव्या हाताला बसली होती, पर्स मांडीवर धरून. पडद्यावर माझा खुबा, काळ्यात करडा. डॉक्टरांनी पेनानं दाखवलं. पुढच्या बाजूचा एक खिळा सुटलाय, तिथली बोटाच्या पेराएवढी शीर वाटीपासून उठलीये. बाकीची धरून आहे, चांगली धरून आहे. ‘पण हे बसल्या बसल्या होत नाही,’ ते म्हणाले. ‘पाय खूप वाकवलात आणि पिळलात. काय केलंत?’ मी तोंड उघडलं. बाथरूममध्ये घसरलो, हे वाक्य लिफ्टपासून तयार होतं. ‘बाथरूममध्ये,’ मी सुरुवात केली, आणि रईसा मोडक्या अरबीत म्हणाली, ‘कबरीत उतरले होते.’

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती माझ्याकडे बघत नव्हती. ‘सकाळी मोजे मी घातले होते,’ ती मला मराठीत, हलक्या आवाजात म्हणाली. ‘परत आलात तेव्हा उजव्या मोज्याची टाच वर होती. मी असा घालते का मोजा?’ चार दिवस! चार दिवस या बाईनं मला चहा दिला, पाय पुसले, नवे मोजे घातले, आणि ओठ मिटून राहिली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, पुटपुटत दुआ म्हटली, आणि विचारलं, ‘कोण होता?’ मी म्हटलं, वाडीतला. त्यांनी मान हलवली, त्यांच्याकडे नाईलच्या काठीही तसंच असावं. मग म्हणाले, ‘डॉक्टर म्हणून मी तुमच्यावर ओरडायला पाहिजे,’ आणि ओरडलेही, चांगले पाच मिनिटं, बाहेरची नर्स डोकावून गेली. पुन्हा फाडायचं नाही, म्हणाले. दोन कुबड्या, सहा आठवडे, पहिल्या दिवसापासून मोजायचं. उठलेला भाग कदाचित आपला आपण चिकटेल, कदाचित नाही. जमिनीवर बसणं मात्र विसरा. सजदाही खुर्चीवरून, बहुतेक कायमचा.

सहा आठवडे. म्हणजे विमानतळावर मी कुबड्यांवर जाणार, कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलणार, आणि गावच्या स्टॉपवर लोक उतरवून घेणार. झालं. रोग हत्तीच्या पावलानं येतो म्हणतात, पण माझ्याकडे आलेला हत्ती मी स्वतः आवतण देऊन आणला होता. वाईट वाटलं का? वाटलं. फार वाटलं. मला चालत जायचं होतं.

रईसानं कुबड्या मागच्या सीटवर आडव्या टाकल्या, मला धरून बसवलं, पट्टा लावला. ओलायाच्या गर्दीत शिरली. दुपारची अजान होऊन गेली होती, टॉवरांच्या काचांवरून ऊन घसरून रस्त्यावर सांडत होतं, आणि ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होती. मी म्हटलं, ‘रागावलीस? रईसा, नऊ आठवडे तू एवढं केलंस आणि मी मातीत घातलं.’ तिनं इंडिकेटर दिला, गाडी कडेला एका बँकेसमोर घेतली आणि थांबवली. एसी चालूच ठेवला.

‘हाशमभायचं तोंड पाहिलंत?’ तिनं विचारलं.

‘पाहिलं.’

‘किबल्याकडे कुणी वळवलं?’

‘मी.’

‘सांगा मला,’ ती म्हणाली. ‘चार दिवस विचारीन विचारीन म्हणतेय. मी फाटकाबाहेर बसले होते, मला काही दिसलं नाही. सगळं सांगा.’

मग मी सांगितलं. डोक्याकडची गाठ सुटेना, म्हणून दातानं सोडवली. तोंड मक्केच्या दिशेला वळवलं, गाल उघडा करून मातीला टेकवला. दोन दिवस तो तसाच होता ना शवागारात, दाढीचे खुंट राहून गेले होते. रोज पहाटे उठून गुळगुळीत दाढी करणारा माणूस, त्याला ते आवडलं नसतं. ते माझ्या तळव्याला टोचले. मान वळवताना जड लागली नाही, झोपलेल्या माणसाची लागते तेवढीच. वरून विटा द्यायला लागले तेव्हा मी आणखी एकदा वाकलो, एवढंच.

‘कशाला?’

‘कानात सांगायला. म्हटलं, हाशमभाय, रईसा बाहेर उभी आहे. तिला आत सोडलं नाही. तिचा सलाम घे.’

रईसानं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि मोठ्यानं रडायला लागली, बाळंतपणात रडली होती तशी, तोंड न झाकता. मी पट्टा सोडला आणि खुबा न वळवता जमेल तेवढा तिच्याकडे सरकलो.